झडप-स्प्रिंगा, वेगवान मोटारगाड्यांच्या एंजिनांतील
मोटारगाडीच्या चार धावांच्या एंजिनात (→ अंतर्ज्वलन-एंजिन) झडप उघडण्याचे काम कॅम करतो. ती मिटविण्याचे, तसेच मिटत असताना कॅम व झडप यांमधील सर्व भाग परस्परांना टेकलेले ठेवण्याचे काम पोलादी तारेच्या स्प्रिंगेकडे असते. एंजिनाचा वेग मिनिटाला ६,००० फेरे असताना प्रत्येक झडप सेकंदाला ५० वेळा उघडते. म्हणजे तासाभरात तिची स्प्रिंग १,८०,००० वेळा दाबली जाते. स्प्रिंग तुटल्यास झडप सिलिंडरात गळून दट्ट्यावर आदळू शकते व मग बहुधा सबंध एंजिनच निकामी होते. त्यामुळे शर्यतीच्या एंजिनांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या लहानशा भागाच्या भरवशाचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अनेक एंजिनांत मिश्रण आत घेणारी झडप दट्ट्याच्या चोषणानेच उघडे आणि तिची स्प्रिंग मुद्दाम दुबळी ठेवीत. पुढे दोन्ही झडपा कॅमने चालविल्या जाऊ लागल्या. १९१२ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत विजयी झालेल्या प्यूजो गाडीच्या एंजिनात सिलिंडराच्या माथ्यावर दोन कॅम-दंड व प्रत्येक सिलिंडरास चार झडपा होत्या. एका मोठ्या झडपेऐवजी दोन लहान झडपा घातल्याने प्रत्येकीचे वस्तुमान घटले व स्प्रिंगेवरील भार हलका झाला. हा भार निरूढीमुळे उद्भवतो व एंजिनाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ६,००० वरून ७,५०० फेऱ्यांवर गेला, तर तो दीडपटीहून अधिक होतो. स्प्रिंग अपुरी पडली की, झडप कॅमचा पाठपुरावा सोडून ‘तरंगते’.

यावर अधिक कडक स्प्रिंग हा उपाय सहज सुचतो. पण तो अर्धाच खरा आहे. कडक स्प्रिंगेमुळे कॅमची झीज व घर्षण वाढते आणि तिच्या तारेतील प्रतिबलही बहुधा वाढते. शिवाय स्प्रिंगेला स्वतःची नैसर्गिक कंप्रता असते. कॅमच्या गतीतील एखादा प्रसंवादी घटक तिच्याशी जुळला, तर अनुस्पंदनाने वेटोळ्यांत लाटा उसळतात. अशा वेळी स्प्रिंगेचा प्रत्यक्ष जोर घटतो, तारेवरील ताण मात्र वाढतो. एकात एक बसविलेल्या दोन स्प्रिंगा व त्यांच्यामधील चपट्या पट्टीचा शामक ही योजना यासाठीच रूढ झाली. एक स्प्रिंग तुटली, तरी दुसरी झडपेला काही काळ धरून ठेवते, हा तिचा आणखी एक लाभ.

काही अभिकल्पकांनी वेटोळ्या स्प्रिंगेवरचा भरवसाच सोडला. १९१४ च्या देलाज आणि १९५४–५५ च्या मर्सिडीझ डब्ल्यू १९६ या शर्यती गाड्यांत झडप मिटविण्याचे कामही कॅमकडेच दिले होते. फेरारीच्या सुरुवातीच्या बारा सिलिंडरांच्या एंजिनांत केसाच्या आकड्यासारख्या स्प्रिंगा होत्या. त्या जागा फार व्यापीत. टेस्टा रोसा गाडीसाठी वेटोळ्या स्प्रिंगा घेतल्यावर सिलिंडर-शीर्ष अधिक बोल्टांनी आवळणे शक्य झाले.

मूळ कारखान्याबाहेर बनलेल्या स्प्रिंगांचा प्रश्न मुख्यतः अमेरिकेत उभा राहिला. कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या तळांवर १९३० नंतर तरुण मंडळी जुन्या फोर्ड व्ही-८ गाड्या पळवीत. त्यांत लिंकन झेफर गाडीच्या स्प्रिंगा बसविण्याची युक्ती प्रसिद्ध होती. दुसऱ्या महायुद्धानंतर एड इस्केंडेरियन व इतर कॅम-उत्पादकांचा धंदा वाढला आणि १९६३ मध्ये अशा वेगवर्धक साहित्याच्या उत्पादकांची संघटनाही स्थापन झाली. झडप अधिक उंच व अधिक झपाट्याने उचलणारा कॅम घातला की, झडप पुरी उघडली जाण्याआधीच मूळच्या स्प्रिंगेची वेटोळी परस्परांना भिडण्याचा धोका असे. म्हणून कॅमबरोबर त्याला जुळणाऱ्या स्प्रिंगाही संचात विकल्या जाऊ लागल्या. ज्यांनी केवळ जोर पाहून स्प्रिंगा निवडल्या व बसविण्याची उंची मोजली नाही, त्यांच्या अपयशाचा दोष पुष्कळदा निष्कारण स्प्रिंगेच्या माथी मारला गेला.

स्प्रिंगेतील खरे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. तारेच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ओरखडा किंवा पोलादात अडकलेला ॲल्युमिनाचा कठीण कण एवढ्यानेही शिणवट्याची भेग सुरू होते; सारख्या मापाच्या दोन स्प्रिंगांचे आयुष्य यामुळे कमालीचे भिन्न असू शकते. पृष्ठभागावर पोलादी छऱ्यांचा मारा केल्याने तेथे दाबाचे प्रतिबल उरते आणि भेग पडणे लांबते. जनरल मोटर्समधील जे. ओ. आल्मेन यांनी हा मारा मोजून देण्याची पद्धत बसविली. कालांतराने क्रोम-सिलिकॉन पोलाद रूढ झाले. स्वीडन व जपान येथे बनणाऱ्या अतिशुद्ध तारेने भरवसा आणखी वाढविला. अमेरिकेतील नॅसकार शर्यतींत २००५ च्या सुमारास ढकलदांडीच्या एंजिनांचा वेग ९,००० फेऱ्यांपलीकडे गेला, तोही पोलादी स्प्रिंगांवरच. मात्र तेथे स्प्रिंगा वारंवार बदलल्या जात.

फॉर्म्युला वन शर्यतींत रेनोने १९८६ मध्ये स्प्रिंगेच्या जागी दाबाखालील वायूचा उपयोग केला. वायूला वेटोळी नसल्याने त्यांत उसळणाऱ्या लाटांचा प्रश्नच उरला नाही आणि पुढील दशकात या शर्यतींतून पोलादी स्प्रिंग मागे पडली. रस्त्यावरच्या व हौशी शर्यतींच्या गाड्यांत तिचे स्थान टिकून आहे. उष्णतेने व वापराने तिचा जोर हळूहळू उतरतो. म्हणून दक्ष यंत्रज्ञ नव्या स्प्रिंगेचा जोर बसविण्याच्या उंचीला मोजून लिहून ठेवतो, शर्यतीनंतर तो पुन्हा पाहतो आणि घट ठरावीक प्रमाणाबाहेर गेल्यास न तुटलेली स्प्रिंगही बाद करतो.