पाटी आणि पान

कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याला निघालो तेव्हा आमच्या पिशवीत दोन यंत्रे होती : एक टॅब आणि एक जुना ई-रीडर. मोखाडा तालुक्यातील या गावाभोवतालच्या पाड्यांवर मुलांना वाचायला यांपैकी काय द्यावे, असा तिथल्या एका शिक्षकमित्राचा प्रश्न होता. यंत्रे त्यांच्या हाती देऊन पाहू, असे आम्ही ठरवले.

दुपारी पाऊस थांबून ऊन पडले. अंगणात टॅब उघडला, तर पडद्यावर धड्याऐवजी आमचेच चेहरे दिसू लागले. ई-रीडरवरची अक्षरे मात्र छापील पानासारखी स्वच्छ होती. एका मुलीने पडद्यावर नख फिरवून विचारले, "सर, कागद चिकटवलाय का?" संध्याकाळी वीज गेली आणि डाव उलटला. ई-रीडर अंधारात दिसेना, मुले उजळलेल्या टॅबभोवती गोळा झाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीज आली नाही. टॅब बंद पडला. ई-रीडरच्या बॅटरीची खूण मात्र जेमतेम हलली होती.

दिसायला सारख्या दोन यंत्रांत एवढा फरक का? याचे उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. टॅब पाटीच्या घराण्यातला, तर ई-रीडर पुस्तकाच्या पानाच्या घराण्यातला.

पाटीचे घराणे

धुळपाटीपासून दगडी पाटीपर्यंत पाटीचा गुण एकच : लिहा, पुसा, पुन्हा लिहा. अक्षर, गणित, चित्र, काहीही चालते. हाच गुण संगणकात आणावा, अशी कल्पना 1972 मध्ये अ‍ॅलन के यांनी मांडली. ज्या कंपनीच्या नावावरून आपण छायाप्रतीला 'झेरॉक्स' म्हणतो, तिच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात ते काम करीत. मुलाला काखेत मारून नेता येईल अशा वहीएवढ्या संगणकाला त्यांनी 'डायनाबुक' असे नाव दिले. तो वाचण्यापुरता नव्हता. मुलाने त्यावर लिहावे, चित्रे काढावीत, स्वतः प्रोग्राम रचावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी तसा संगणक बनवणे शक्य नव्हते.

टॅब घरोघरी पोहोचू लागले ते 2010 मध्ये अ‍ॅपलचा आयपॅड आल्यावर. आपल्याकडे ऑक्टोबर 2011 मध्ये विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा सुमारे सव्वादोन हजार रुपयांचा टॅब गाजावाजाने आला. पण त्याचा मंद वेग, जोर देऊन दाबावा लागणारा पडदा आणि लवकर संपणारी बॅटरी यांनी निराशाच झाली.

बॅटरीची अडचण पडद्याच्या रचनेतच आहे. बहुतेक टॅबमध्ये द्रवस्फटिकाचा पडदा असतो. द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाही. मागच्या दिव्याचा प्रकाश कुठे जाऊ द्यायचा आणि कुठे अडवायचा, एवढेच तो खिडकीच्या झडपेसारखे ठरवतो. तुम्ही एकच पान अर्धा तास वाचत असलात, तरी तो दिवा जळतच असतो आणि पडद्यावरचे चित्र सेकंदाला साधारण साठ वेळा नव्याने काढले जाते. उन्हापुढे हा दिवा फिका पडतो. अंधारात तोच उपयोगी येतो.

पानाचे घराणे

गंमत अशी, की दुसऱ्या घराण्याचा उगमही त्याच संशोधन केंद्रात आहे. निकोलस शेरिडन यांनी 1970 च्या दशकात तिथे अर्धे पांढरे, अर्धे काळे असे बारीक मणी विजेच्या साहाय्याने फिरवून अक्षर उमटवण्याचा प्रयत्न केला. पुढे एमआयटीमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कोमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी वेगळी वाट शोधली. 1997 मध्ये त्यातून 'ई इंक' ही कंपनी निघाली.

यातील शाई केसाच्या जाडीएवढ्या कुप्यांत भरलेली असते. प्रत्येक कुपीतल्या द्रवात पांढरे आणि काळे कण असतात व त्यांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. विजेची दिशा बदलली की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात. वीज काढून घेतली तरी ते जागचे हलत नाहीत. म्हणजे वीज लागते ती पान उलटताना. बाहेरचाच प्रकाश परतवून हे पान दिसते, म्हणून ते उन्हात उत्तम आणि अंधारात निरुपयोगी. सोनीने 2004 मध्ये जपानात आणि अ‍ॅमेझॉनने 2007 मध्ये अमेरिकेत असे ई-रीडर आणले. 2012 पासून पानावर पुढून प्रकाश टाकणारे छोटे दिवेही आले.

देवनागरीची रांग

मराठी वाचकाला मात्र आणखी थांबावे लागले. ही रांग जुनीच आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पंचांग छापले ते शिळाछापावर. पुढे जावजी दादाजींनी सुबक खिळे पाडले आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला, तेव्हा देवनागरी छपाईला वेगळेच रूप आले. संगणकाच्या युनिकोड या सांकेतिक लिपीत देवनागरीला 1991 मध्येच जागा मिळाली होती; पण जागा मिळणे वेगळे आणि जोडाक्षर नीट जुळणे वेगळे. ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतर येते, पण लिहायची त्याच्या आधी. हे यंत्राला शिकवावे लागते. अ‍ॅमेझॉनने किंडलवर मराठी पुस्तकांची रीतसर विक्री सुरू केली ती डिसेंबर 2016 मध्ये, म्हणजे पहिल्या किंडलनंतर नऊ वर्षांनी.

बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात. त्यात पानाची मांडणी पक्की असते. ते मोठे पान सहा इंची ई-रीडरच्या नऊ सेंटीमीटर रुंदीत बसवले की अक्षरे मुंगीएवढी होतात आणि रंगीत नकाशा करडा होतो. टॅबवर ते नीट दिसते. उलट, गोष्टीचे पुस्तक युनिकोड मजकुराच्या रूपात असेल, तर ई-रीडरवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि ओळी आपोआप नव्याने जुळतात.

मग खोडाळ्याला काय द्यावे?

शिक्षकाचे काम पाटीचे आहे : माहिती भरणे, 'दीक्षा'वरचे व्हिडिओ दाखवणे, प्रश्नपत्रिका तयार करणे. त्याला टॅबच हवा. निवांत वाचनाला ई-रीडर बरा. जव्हार-मोखाड्यातील पुष्कळ कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात, मुलेही बरोबर जातात. त्या गाठोड्यात रोज चार्जिंग मागणारी वस्तू टिकायची नाही. ई-रीडर रोज अर्धा तास वाचल्यास काही आठवडे चालतो.

तरी आम्ही मित्राला ई-रीडर आधी घ्या असे सांगितले नाही. कागदाचे एक पुस्तक फाटले तर पेटीतली बाकीची शाबूत राहतात. ई-रीडरची काच फुटली तर शंभर पुस्तके एकदम मिटतात. म्हणून आधी पुस्तकांची पेटी, मग शाळेच्या कामाला एक टॅब आणि पैसे उरले तर एक-दोन ई-रीडर, तेही स्थलांतराला जाणाऱ्या मोठ्या मुलांच्या हाती, असा क्रम आम्ही सुचवला.

त्या मुलीचा प्रश्न वर्गात घेण्याजोगा आहे. जत्रेत मिळणारी चुंबकाची पाटी आणा. तिच्या पेनाच्या टोकाला चुंबक असतो. तो आतली काळी पूड वर ओढतो आणि रेघ उमटते. पेन बाजूला ठेवले तरी रेघ तशीच राहते. मागची पट्टी सरकवली की पूड खाली जाते. चुंबकाच्या जागी वीज घातली की ई-रीडर झाला, असे मुलांना सांगा. मग ही पाटी आणि मोबाइल घेऊन सगळे उन्हात जा आणि कशावरची अक्षरे दिसतात ते मुलांनाच वहीत लिहू द्या.