वायूंचे मिश्रण (विहीर, पेव व बंद टाक्यांतील)

भिन्न घनतेचे वायू एकाच जागेत आल्यावर त्यांचे एकजीव होणे. परस्परांत रासायनिक विक्रिया होत नसेल, तर कोणतेही वायू कोणत्याही प्रमाणात मिसळतात आणि एकदा मिसळले की केवळ वजनामुळे पुन्हा वेगळे होत नाहीत. मिसळायला लागणारा वेळ मात्र जागेची खोली, तापमान व हवेची हालचाल यांवर अवलंबून असतो. विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा वेळच महत्त्वाचा असतो.

   

घनता : २०° से. तापमानाला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किग्रॅ. असते. त्याच स्थितीत मिथेनाचे ०.६७, हायड्रोजन सल्फाइडाचे १.४३ आणि कार्बन डाय-ऑक्साइडाचे १.८४ किग्रॅ. भरते. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच असल्याने तो वर किंवा खाली असा थर धरत नाही.

इतिहास : जॉन डाल्टन यांनी १८०३ मध्ये खालच्या कुपीत जड आणि वरच्या कुपीत हलका वायू ठेवून दोन्ही अरुंद नळीने जोडल्या. जड वायू वर चढला, हलका खाली उतरला आणि काही तासांत दोन्हींकडे मिश्रण आढळले. यामागचे डाल्टन यांचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही, निरीक्षण टिकले. बर्थोले यांनी पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरात, तापमान स्थिर राहील अशा बेताने, हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन तोच निष्कर्ष काढला. विसरणाचा वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा नियम टॉमस ग्रॅहॅम यांनी १८३० च्या सुमारास मांडला. आडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये विसरणाचे गणित दिले.

विसरणाचा काळ : हवेत कार्बन डाय-ऑक्साइडाचा विसरणांक सेकंदाला सुमारे ०.१६ चौ. सेंमी. आहे. काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १० सेंमी. अंतरासाठी सुमारे १० मिनिटे, १ मी. साठी सुमारे १७ तास आणि १० मी. साठी सुमारे ७२ दिवस, असा ढोबळ हिशेब निघतो. पेल्यातला वायू पाहता पाहता मिसळतो. खोल, निवांत विहिरीतला महिनोन्‌महिने थर धरून राहू शकतो. ‘जड वायू तळाशी बसतो’ हे प्रचलित विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे. पूर्ण समतोल साधल्यावर १० मी. खोलीच्या विहिरीत वरच्या व तळच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या प्रमाणात ०.२ टक्क्यापेक्षाही कमी सापेक्ष फरक उरतो. तळाशी आढळणारा थर वायू तेथे निर्माण झाल्याने अथवा झिरपून आल्याने आणि त्याला ढवळणारे काही नसल्याने टिकतो.

विहिरीतील वायू : मुळांच्या व सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने मातीत कार्बन डाय-ऑक्साइड साठतो. वातावरणाचा दाब उतरला की तो मुरमाच्या फटींतून विहिरीत येतो. कुजणारा पालापाचोळा त्यात भर घालतो. विहिरीच्या हवेत ५ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड मिसळला, तर ती सुमारे २.६ टक्क्यांनी जड होते. बाहेरची हवा सुमारे ८ अंशांनी थंड असली, तर तीही तेवढीच जड भरते. म्हणून हिवाळ्याच्या रात्री थंड हवा विहिरीत उतरते, आतली उबदार हवा वर येते आणि विहीर आपोआप खेळती राहते. उन्हाळ्यात दिवसा बाहेरची हवा गरम व हलकी असल्याने झाकणासारखी वर राहते. गाळ काढण्यासाठी विहिरीत उतरण्याचा हंगामही हाच. विहिरीत डिझेल इंजिन चालवल्यास वरील कार्बन मोनॉक्साइडाचा धोका निर्माण होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो.

पेव : धान्य किंवा हळद साठवण्याचे भुयारी कोठार. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध असून २००५ च्या महापुरात त्यांतील अनेकांचे नुकसान झाले. साठवलेला माल श्वसन करून ऑक्सिजन घटवतो व कार्बन डाय-ऑक्साइड वाढवतो. कीड मरण्याचे कारण हेच आणि माणूस गुदमरण्याचेही. पेव उघडून बराच काळ तसेच ठेवण्याची व कंदील सोडून पाहण्याची रीत आहे.

गोबरगॅस : यात साधारण ६० टक्के मिथेन व ४० टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असतो. मिश्रणाची घनता दर घनमीटरला सुमारे १.१४ किग्रॅ., म्हणजे हवेच्या जवळपास येते. मिथेन हलका म्हणून तो मिश्रणातून सुटून वर जाईल, ही समजूत चुकीची आहे. टाकीतील राड ढवळल्यास हायड्रोजन सल्फाइड एकदम बाहेर पडतो. प्रमाण वाढले की त्याचा वास येणेच बंद होते.

मलटाक्या : सुरक्षा साधनांविना माणसाला मलटाकीत वा गटारात उतरवण्यास २०१३ च्या केंद्रीय अधिनियमाने बंदी आहे.

दक्षता : ज्योत साधारण १६–१७ टक्के ऑक्सिजनाला विझते, तर कामासाठी १९.५ टक्के ही किमान मर्यादा मानतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड ज्योतीने कळत नाही आणि मिथेन असल्यास स्फोट होऊ शकतो. म्हणून जळता दिवा ही सुरक्षिततेची खूण मानू नये. पालेदार डहाळी किंवा बादली दोरीने वरखाली केल्यास थर मोडतो. पंख्याने तळापर्यंत ताजी हवा सोडणे अधिक खात्रीचे. वायुमापक दोरीला बांधून तळाशी, मध्यावर व तोंडाशी अशा तिन्ही ठिकाणी मापन करावे. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असावा आणि वर माणसे असावीत. आत कोणी बेशुद्ध पडल्यास श्वसनसाधनाशिवाय त्याच्या मागोमाग उतरू नये. अशा दुर्घटनांत वाचवायला गेलेलेही बळी पडतात.