पदवी नव्हे, पदविका!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या पेठांतून नव्या वह्यांवर कुंकवाची स्वस्तिके उमटतात. वहीला दोनच बाजू ठाऊक : जमा आणि नावे. पण धंद्याची खरी सुखदुःखे या दोन रकान्यांत मावत नाहीत. कालचे गिऱ्हाईक आज शेजारच्या दुकानात का गेले, हे वही सांगत नाही. हाताखालचा चांगला कारागीर पगार वाढवूनही का रुसला, हेही ती सांगत नाही. या दोन प्रश्नांचा नीट, शिस्तीने मागोवा घेणारी एक विद्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत उभी राहिली. बाजाराचे विश्लेषण ही तिची एक शाखा, आणि संघटनेत माणसे कशी वागतात याचा अभ्यास ही दुसरी. आज घरोघरीची मुले-मुली पदवीनंतर दोन वर्षे घालवून ज्या 'व्यवस्थापन पदविके'च्या मागे असतात, तिच्या पोटात या दोन्ही शाखा आहेत. तिची ही जन्मकथा.

व्यापार शाळेत शिकवून येतो, ही कल्पनाच आपल्या पूर्वजांना हास्यास्पद वाटली असती. वाण्याचा मुलगा गल्ल्याशेजारी बसूनच शहाणा व्हायचा. अमेरिकेतही फारसे निराळे नव्हते. १८८१ साली जोसेफ व्हार्टन या कारखानदाराच्या देणगीतून फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात व्यापारविद्येची शाळा निघाली आणि १९०८ साली हार्वर्डने पदवीधरांसाठी तशीच शाळा काढली. आपल्या मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. तेथे हिशेब, बँकिंग, व्यापारी कायदा असे सारे रीतसर होते. पण माणूस या प्राण्याला अजून अभ्यासक्रमात जागा मिळालेली नव्हती.

गिऱ्हाइकाला ती आधी मिळाली. १९११ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस या प्रकाशनसंस्थेने चार्ल्स पार्लिन नावाच्या एका शाळामास्तराला बाजाराचा अभ्यास करण्यासाठी नोकरीस ठेवले. जाहिराती घेणाऱ्या मासिकांना आपला वाचक काय विकत घेतो हे कळायला हवे होते. पार्लिन यांनी अभ्यासाला पहिला विषय घेतला तो शेतीच्या अवजारांचा!

योगायोग असा की, त्याच्या थोडे आधी हाच धडा आपल्याकडे एक मराठी माणूस स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकत होता. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला लोखंडी नांगर बनवला. नांगर उत्तम होता. पण शेतकरी त्याला हात लावीना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी समजूत होती. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली. नांगराच्या फाळात काही खोट नव्हती, अडचण होती ती शेतकऱ्याच्या मनात. आणि ते मन वळल्याखेरीज भट्टी पेटती ठेवण्यात अर्थ नव्हता. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. तेथे लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना कामावर घेतले आणि राखणदारीही त्यांच्यावर सोपवली. विश्वास टाकला की माणूस त्याला जागतो, हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवले नव्हते. पण ज्या विद्येची आपण गोष्ट करतो आहोत, तिचे हे दोन्ही धडे या एका आयुष्यात सापडतात.

दुसऱ्या धड्याचे शास्त्र झाले ते शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात. टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या या कारखान्यात १९२४ साली दिव्यांचे प्रयोग सुरू झाले. उजेड वाढवला की काम किती वाढते, एवढेच पाहायचे होते. पण उजेडाचा आणि कामाचा सरळ मेळ काही बसेना. मग १९२७ पासून काही तरुण मुलींना वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्यावर अधिक बारकाईने प्रयोग झाले. मध्ये विश्रांती दिली, खाणे दिले, तास कमी केले. काम वाढले. सवलती काढून घेतल्या, तरी ते फारसे उतरेना. हार्वर्डचे एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी यांनी अर्थ लावला तो असा की, कोणी आपल्याकडे लक्ष देते आहे, आपल्याला विचारते आहे, हीच कामगाराची मोठी भूक आहे. पुढे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या.

मात्र या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या खोलीतील दोन मुली फार बोलतात म्हणून १९२८ च्या आरंभी त्यांना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघींना आणले होते. आणि त्या छोट्या गटाला मजुरीही त्यांच्या कामाच्या हिशेबाने मिळू लागली होती. नंतरच्या संशोधकांनी जुनी कागदपत्रे उकलून हे पुढे मांडले. तेव्हा मालकाने गोड बोलावे की काम वाढते, एवढा स्वस्त अर्थ कोणी काढू नये. ऐकून घेणे वेगळे आणि ऐकल्यासारखे दाखवणे वेगळे.

खरे ऐकून घेतल्यावर काय होते, याचा पुरावा आपल्या देशातच मिळाला. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आले. नवे स्वयंचलित माग येऊनही साचेखात्याचे काम सुधारेना. राइस यांनी पाहिले की, सव्वादोनशेच्या आसपास मागांवर माणसे बारा निरनिराळ्या कामांत वाटली गेली होती. कोणी तुटलेला धागा जोडी, कोणी कांडी बदली; पण 'हे माग आमचे' असे म्हणायला कोणीच नव्हते. त्यांनी सुचवले की, चौसष्ट माग आणि सात माणसे असा एकेक गट करावा आणि कामाची वाटणी गटानेच पाहावी. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली व आपले गट आपणच बांधले. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. १९७० साली टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा तेथे गेले, तेव्हा एका खात्यात ती पद्धत टिकून होती. पण दुसरीकडे जुनी रीत परत आली होती. विश्वासाला निगा लागते. एकदा पेरले आणि सदा उगवले, असे ते पीक नव्हे.

अशा अनुभवांच्या पार्श्वभूमीवर स्वतंत्र भारताने ही विद्या पद्धतशीर शिकवायचे ठरवले. धरणे, पोलाद, खते यांचे कारखाने उभे राहत होते. ते चालवणारी माणसे हवी होती. १९६१ साली कलकत्त्याला आणि अहमदाबादला भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या; पहिलीला अमेरिकेतल्या एम.आय.टी.चे साह्य होते, दुसरीला हार्वर्डचे. दुसरी संस्था मुंबईला व्हावी असा विचार आधी होता, पण डॉ. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांनी ती अहमदाबादला नेली. मुंबई विद्यापीठाने आपली जमनालाल बजाज संस्था काढली ती १९६५ साली. अहमदाबादच्या संस्थेत आरंभीच आलेल्या कमला चौधरी या मानसशास्त्राच्या विदुषी. गिरण्यांच्या संशोधनसंस्थेत कामगारांच्या गटांचा अभ्यास त्यांनी आधीच केला होता. बाजाराची बाजूही साराभाईंनी सोडली नाही. १९६० साली बडोद्याला त्यांनी काढलेली ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही संस्था पुढे बाजार-संशोधनात नावाजली.

आता 'पदविका' या शब्दाचे कोडे. एवढ्या नामांकित संस्था, मग त्यांनी पदवी का दिली नाही? कारण साधे आणि कायद्याचे आहे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा हक्क विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. या संस्था मात्र नोंदणीकृत सोसायट्या होत्या. विद्यापीठाच्या छत्राखाली न गेल्यामुळे अभ्यासक्रम, प्रवेश, परीक्षा साऱ्यांत त्यांना मोकळीक राहिली. त्याची किंमत म्हणून त्यांनी पदवीचा मान सोडला आणि दोन वर्षांच्या अभ्यासाला पदव्युत्तर पदविका दिली. संशोधन करणाऱ्यालाही तेथे डॉक्टर न म्हणता 'फेलो' म्हणत. पुढे २०१७ च्या कायद्याने त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ या देशातील कितीतरी मोठ्या उद्योगांचे सूत्रधार कायद्याच्या दृष्टीने केवळ पदविकाधारक होते, आणि त्यांचे काही अडले नाही!

यातून घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढा बोध जरूर घ्यावा. मुलाच्या किंवा मुलीच्या कागदावर पदवी लिहिले आहे की पदविका, याची चौकशी आपण फार करतो; त्या दोन वर्षांत ती पोरे काय शिकली, हे क्वचितच विचारतो. गिऱ्हाइकाच्या मनातली भीती ओळखायची की तिच्यावर आपला माल खपवायचा, हाताखालच्या माणसाचे ऐकायचे की त्याला गोड बोलून जास्त राबवायचे, हे एकाच विद्येचे दोन उपयोग आहेत. नांगर विकताना शेतकऱ्याचे मन जाणणारा आणि शिक्षा भोगून आलेल्याच्या हाती राखणदारी देणारा माणूस कोणत्याच व्यवस्थापनशाळेत गेला नव्हता. शाळा ती जाण लवकर आणून देते, एवढेच. ती कोणत्या बाजूला वापरायची हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते.