महिदपूर ते मंदसोर : १६ दिवसांत शत्रू दोस्त झाले, किंमत थाळनेरने मोजली

इंदूरच्या राजवाड्यावरून थोडं खाली गेलं की कान्ह नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या दिसतात. त्यातली एक कृष्णाबाई होळकर यांची (मृत्यू १८४९). भागाचं नावही त्यांच्यावरूनच. १८१७ च्या डिसेंबरात त्यांचा मुलगा मल्हारराव जेमतेम अकरा वर्षांचा होता. याद्यांमध्ये तो कुठे दुसरा मल्हारराव, तर कुठे तिसरा असतो, म्हणून वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना २० डिसेंबरला क्षिप्रेकाठी त्यांच्याच फौजेतल्या सरदारांनी ठार केलं. इंग्रजांशी तडजोड करतील, असा त्यांच्यावर संशय होता. दुसऱ्याच दिवशी महिदपूरला हिस्लॉप आणि माल्कम यांच्या फौजेशी गाठ पडली. होळकरांचे गोलंदाज तोफांपाशी शेवटपर्यंत उभे राहिले. कंपनीचे पावणेआठशेच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. तरी लढाई होळकर हरले.

आणि मग १६ दिवसांत, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसोरचा तह झाला. होळकरांच्या बाजूने बोलणी तात्या जोग यांनी केली. राजपुतान्यावरचा हक्क सुटला, सातपुड्याचा आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला. पण आपल्या विषयाचं कलम वेगळंच आहे : होळकरांनी किमान ३,००० स्वार ठेवायचे आणि कंपनीला लागेल तेव्हा ते तिच्या मदतीला द्यायचे. पेशवा बाजीराव अजून पळत होता, पेंढाऱ्यांचा पाठलाग चालू होता. म्हणजे महिदपूरला समोर उभी असलेली फौज आता कंपनीच्या कामाची झाली.

सगळ्यात नशीबवान ठरले गफूर खान. महिदपूरला ते होळकरांच्या बाजूने होते. लढाईत त्यांनी दगा दिला, असा आरोप पुढे कायम राहिला. तहाच्या बाराव्या कलमाने त्यांना जावरा, ताल, मल्हारगड वगैरे परगणे मिळाले. अट एकच, ६०० निवडक स्वार ठेवण्याची. जावरा संस्थान उभं राहिलं ते असं. त्यांचे मेहुणे अमीर खान तर नोव्हेंबरातच कंपनीशी तह करून टोंकचे धनी झाले होते.

खाली खानदेशात मात्र ही दोस्ती पचली नाही. सेंधव्याचा किल्ला होळकरांच्या हुकुमाप्रमाणे लढाईविना दिला गेला. तापीकाठचा थाळनेर (आज धुळे जिल्हा, शिरपूर तालुका) दिला गेला नाही. किल्लेदार तुळशीराम मामा अडून बसले. २७ फेब्रुवारी १८१८ ला इंग्रज दरवाजातून आत शिरले, तिथे झटापट होऊन मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग आतल्या शिबंदीची कत्तल झाली. त्याच दिवशी किल्लेदाराला फाशी दिलं. हिस्लॉपचा मुद्दा असा की धन्याचा हुकूम मोडणारा तो बंडखोर. खुद्द लंडनलाही हे खटकलं : १८१९ मध्ये पार्लमेंटने हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानले, पण थाळनेरच्या फाशीला आपली संमती नाही धरायची, असं स्पष्ट नोंदवून.