पन्नासावे इंजिन

ब्रिटनमध्ये 1948-49 साली पेपरकॉर्न ए-1 जातीची 49 वाफेची इंजिने बांधली गेली. डिझेलचा जमाना आला आणि ती एकेक करून भंगारात निघाली. 1966 साली शेवटचेही मोडले गेले. संग्रहालयात ठेवण्यापुरतेही एक उरले नाही.

1990 साली काही हौशी मंडळींनी पन्नासावे इंजिन नव्याने बांधायचे ठरवले. मूळ आराखडे बव्हंशी यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात होते. मग अवघड काय होते?

सिलिंडर ओतण्यासाठी आधी लाकडी नमुना करावा लागतो आणि त्यावरून वाळूचा साचा. समजा, नमुन्याला 49 रुपये लागले. 49 इंजिने केली तर प्रत्येकावर 1 रुपया पडेल. एकच केले तर सारे 49 रुपये त्याच्याच माथी! असे नमुने अनेक भागांसाठी लागतात.

बॉयलरची गोष्ट आणखी निराळी. वातावरणाच्या सुमारे 17 पट दाब सोसणारा हा बॉयलर पूर्वी रिव्हेट ठोकून जोडत. ते काम करणारे कारखाने व कारागीर आता फारसे उरले नव्हते. अखेर जर्मनीतील मायनिंगनच्या कारखान्यात तो वेल्डिंगने तयार झाला.

2008 साली ‘टॉर्नेडो’ रुळांवर धावले. खर्च सुमारे 30 लाख पौंड, बराचसा सामान्य लोकांच्या नियमित वर्गणीतून. वेळ 18 वर्षे.

भंगाराचा भाव वजनावर ठरतो. इंजिनासोबत मोडीत निघालेले नमुने, हत्यारे आणि हातची कसबे त्या भावात कोणी धरत नाही. तो हिशेब पुन्हा बांधताना चुकवावा लागतो.