पैसा फंडाची शाळा

आमचे असोदे म्हणजे बहिणाबाईंचे माहेर. १८८० साली इथे जन्मलेल्या या बाईला अक्षरओळख नव्हती, पण नांगर, मोट, जाते, सुगरणीचा खोपा यांचे बारकावे ठाऊक होते. हाताचे ज्ञान आणि पुस्तकाचे ज्ञान आपल्याकडे वेगवेगळ्या घरांत नांदत आले. इंग्रजांच्या काळात शाळा वाढल्या, तरी ही दोन घरे फारशी जवळ आली नाहीत.

पुण्याला १८५४ साली इंजिनियरिंगचा वर्ग निघाला तो सरकारी बांधकाम खात्याला माणसे हवी होती म्हणून. तिथूनच १८८३ साली विश्वेश्वरय्या बाहेर पडले, आणि नोकरीच्या सुरुवातीलाच आपल्या धुळे भागात पांझरेच्या पाण्याच्या कामावर आले. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तिच्यामागे कापड गिरण्यांची गरज होती. या संस्था मोठ्याच. पण जळगाव-अमळनेरच्या गिरणीत साच्यावर उभा राहणारा कामगार त्यांच्या दारापर्यंत कुठला पोचणार? तो जुन्या कामगाराशेजारी उभा राहून, जॉबरच्या शिव्या खात शिकला.

ही दरी सांधू पाहणारा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थाच्या मनात आले की, देशातल्या प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा दिला तर त्यातून उद्योग उभे राहतील. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे चौसष्ट माणसे गाठावीत तेव्हा कुठे एक रुपया जमणार! लोक हसले असतील, पण काळे हिंडत राहिले. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले, पुढे स्वदेशीची लाट आली, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला.

काचच का? दिव्याच्या चिमण्या, बांगड्या, बाटल्या घरोघरी लागत आणि त्यातला बराच माल परदेशातून येई. कारखान्याची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आली. ते जपान आणि अमेरिकेत शिकून आले होते. या कारखान्याचा एक मुख्य हेतू मुलांना काचेचे काम शिकवणे हा होता. म्हणजे कारखाना हीच शाळा.

मी आयुष्यभर फळ्यावर शिकवले, म्हणून मला याचे विशेष वाटते. वाळू, सोडा आणि चुना यांचे प्रमाण फळ्यावर लिहिता येते. पण भट्टीतला रस नळीच्या टोकावर किती घ्यायचा, फुंकर केवढी घालायची, नळी किती वेगाने फिरवायची, हे भट्टीसमोर घाम गाळल्याशिवाय कळत नाही. उलट, तयार वस्तू सावकाश निववली नाही तर ती का तडकते, हे ज्याला समजले नाही तो चूक झाली की नशिबाला बोल लावणार. तळेगावला हात आणि डोके एकाच भट्टीपाशी आले. शिवाय तिथला माल बाजारात विकायचा होता. वेडीवाकडी चिमणी गिऱ्हाईक घेत नाही, त्यामुळे परीक्षा रोजच होती. १९१४ साली महायुद्ध पेटले, परदेशी काचेची आवक घटली, आणि तळेगावला तयार झालेली माणसे देशातल्या इतर काच कारखान्यांत उपयोगी पडली. एका छोट्या कारखान्याने धंद्याला माणसे पुरवली, ही त्याची खरी कमाई.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना आली, गावोगाव आयटीआय निघाल्या. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला आणि मुले घेऊन शिकवण्याची जबाबदारी कारखान्यांवर पडली. विचार तळेगावचाच होता. जर्मनीत आजही मुलगा आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि बाकीचे कारखान्यात असतो, त्याच्याशी रीतसर करार होतो, आणि त्याच्या परीक्षेत उद्योगांच्या मंडळाचा वाटा असतो.

आपल्याकडे कायदा आला, पण मनातली उतरंड तशीच राहिली. हुशार तो सायन्सला, बरा तो कॉमर्सला, उरला तो आयटीआयला. केळीच्या बागेतली पाणबुडी मोटार जळाली की याच 'उरलेल्या' पोराच्या घरी आपण मध्यरात्री जातो. आमच्याकडे दुकानात बसून मोटारीचे वायंडिंग शिकलेला मुलगा तारेचे वेढे बिनचूक भरतो, पण इतकेच वेढे का, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. आयटीआयचा मुलगा सूत्र सांगतो, पण जळकी मोटार उघडताना त्याचा हात कचरतो. दोघांनाही निम्मेच शिक्षण मिळाले आहे, आणि मग दोघेही सुरत-पुण्याची गाडी पकडतात.

नवीन उद्योग यावेत म्हणून आपण सरकारकडे जमीन, वीज, सवलती मागतो. मागाव्यात. पण ठिबक, केळी, डाळमिल आणि मोटारी यांवर चालणाऱ्या या जिल्ह्यात प्रत्येक मोठ्या कारखान्याने दरवर्षी दहा पोरे घ्यावीत, त्यांना खऱ्या गिऱ्हाइकाच्या मालावर शिकवावे, आणि आठवड्यातून दोन दिवस मास्तरने त्यांना 'का' ते मराठीत समजावून सांगावे, एवढे मागायला काय हरकत आहे? काळ्यांनी तर प्रत्येकाकडे एक पैसाच मागितला होता.

तुमच्या गावात असे कुठे चालू असेल तर जरूर कळवा.