लाखेची नक्कल, नकलेची लाख

अठराव्या शतकातील व्हेनिसच्या रंगीत फर्निचरविषयी लिहिताना 'नक्कल' हा शब्द अपरिहार्यपणे येतो. पौर्वात्य लाखकामाची ती युरोपीय नक्कल होती, हे खरेच आहे. मात्र या एका शब्दात तिचे मूल्यमापनही उरकले जाते. आमचा आक्षेप आहे तो या घाईला.

सतराव्या शतकात चीन आणि जपानमधून लाखकाम केलेल्या पेट्या, कपाटे व पडदे युरोपात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. त्यांवरील तकाकी एका विशिष्ट वृक्षाच्या चिकाची असते. जपानीत त्यास 'उरुशी' म्हणतात. हा चीक दमट हवेत हळूहळू कठीण होतो आणि मग पाणी, मद्यार्क यांना दाद देत नाही. युरोपीय कारागिरांना हा चीक उपलब्ध नव्हता. त्यांनी उत्तर आफ्रिकेतील सांडाराक ही राळ, चपडा इत्यादी द्रव्ये मद्यार्कात विरघळवून रोगण सिद्ध केले. फिलिप्पो बोनान्नी या जेझुइट पंडिताने १७२० साली रोममध्ये 'चिनी' म्हणवल्या जाणाऱ्या रोगणावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

येथे शब्दाचा इतिहास मोठा मार्मिक ठरतो. इटालियन 'लाक्का' या शब्दाचे मूळ अरबी-फारसीमार्गे आपल्या 'लाक्षा'पर्यंत, म्हणजेच लाखेपर्यंत जाते. गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या लाखेची चर्चा केली आहे. लाख हा कीटकांचा स्राव. उरुशीशी तिचा काहीच संबंध नाही. म्हणजे ज्या 'अस्सल' वस्तूला युरोपने 'लाक्का' म्हटले, तिच्यात लाख नव्हती; ती होती नकलेत वापरलेल्या चपड्यात!

व्हेनिसमध्ये हे काम 'देपेंतोरी' या रंगाऱ्यांच्या संघातील कारागीर करीत. सोनेरी मुलामा देणारे, मुखवटे रंगवणारे यांचाही समावेश याच संघात होता. १६८२ साली चित्रकारांनी त्यातून बाहेर पडून आपली वेगळी संस्था स्थापली. कलावंत आणि कारागीर यांच्यातील ही दरी लाखकामाच्या वाट्याला आलेल्या दुय्यमत्वाच्या मुळाशी आहे, असे आम्हांस वाटते.

याच शतकात नकलेचीही नक्कल अवतरली. तिला आज 'लाक्का पोवेरा', म्हणजे 'गरीब लाख', असे म्हणतात. साध्या लाकडावर जिप्सम व सरसाचे अस्तर द्यायचे, त्यावर रंग चढवायचा, छापील चित्रे कातरून व रंगवून चिकटवायची आणि वर सांडाराकच्या रोगणाचे थरावर थर द्यायचे, अशी ही रीत. कागदाची कड बोटाला लागेनाशी झाली की काम साधले. बस्सानो येथील रेमोंदिनी घराण्याचा छापखाना खास कातरण्यासाठी अशी चित्रे छापत असे. हे घराणे इतरांची चित्रे बिनदिक्कत उचलण्याबद्दलही प्रसिद्ध होते.

मात्र या कातरचित्रांत चीन हळूहळू मागे पडत जातो. पागोड्यांच्या शेजारी मेंढपाळ, शिकारी, बागेत रमलेली जोडपी दिसू लागतात. काळ्याऐवजी फिकट पिवळी, हिरवी, निळी पार्श्वभूमी येते. व्हेनिसच्या का रेझ्झोनिको संग्रहालयातील हिरव्या लाखकामाचे दालन हाताने रंगवलेल्या कामाचे आहे. पण हा रंगबदल तेथेही स्पष्ट जाणवतो. उरुशीची गूढ खोली साधली नाही, म्हणून या वस्तूंना उणे ठरवावे काय? आमच्या मते, नाही. द्रव्याच्या अभावातून त्यांना निराळी हलकी, प्रसन्न शैली गवसली.

अनुवाद आणि रूपांतर यांची चर्चा करणाऱ्या साहित्याभ्यासकांनी म्हणूनच हे फर्निचर पाहण्याजोगे आहे. मुळापासून कृती किती दूर गेली, हे मोजणे सोपे असते. त्या अंतरात तिने स्वतःचे काय उभे केले, हे पाहिल्याविना समीक्षा पुरी होत नाही.